भुरी गाय, मालक बेपत्ता

जिल्हा परिषदेच्या तळघरात
मला बसवलंय कागद निवडायला.
अ म्हणजे कायम.
ब म्हणजे तीस वर्षं, क म्हणजे दहा,
आणि ड म्हणजे रद्दीवाला, गुरुवारी, टेम्पो घेऊन.

लोकल बोर्ड इथे लाल रुमालांत बांधून ठेवलंय.
बासष्टच्या एप्रिलात मारलेली गाठ,
मे उजाडला तेव्हा बोर्डच उरलं नव्हतं,
मग सोडणार कोण.
मी दातांनी सोडतो. तोंडात खडूसारखी चव.

रुपयामागे आणा लोकल फंड,
त्या आण्यात काय काय बसवलं होतं बघा:
देवी टोचणारा, त्याची सायकल,
शाळेचे दोन फळे (एक भेगाळलेला, असा शेरा),
धर्मशाळेच्या रांजणाचं झाकण,
मैलकुलीचं घमेलं.
आणि कुसळी नाल्यावरची मोरी.
ती मात्र बसली नाही.

एकतीस साली सूचक देवचंद ललवाणी,
अनुमोदक बाजीराव गटकळ:
कुसळी नाल्यावर मोरी व्हावी.
ठरले की, विचार पुढील सभेत व्हावा.
पुढील सभेत ठरले की, पुढील सभेत.
ललवाणी वारले, दुखवट्याचा ठराव झाला,
तो मात्र त्याच सभेत, एकमताने.
नाल्यापलीकडे टेकाडवाडी,
अलीकडे दवाखाना,
मधे बाजेवर बाई, बाजेखाली चार माणसं,
आणि पाणी कुणाच्या कमरेला, कुणाच्या छातीला.
हे ठरावात नाही.
ओव्हरसियर वामन दातीरच्या डायरीत आहे, पेन्सिलीनं,
तेही एकाच ओळीत:
‘आज बाज परत गेली.’

त्याच रुमालात खाली
कोंडवाड्याची वही सापडली.
कोंडवाडेवाला सोमा भोये, सही मोडीत, वळण सुरेख.
नोंद: एक भुरी गाय, डावं शिंग मोडकं, मालक बेपत्ता,
चारा रोज तीन आणे.
दुसऱ्या दिवशी तीच. महिन्यानंतर तीच.
ऑडिटचा शेरा:
गाय लिलावात का काढली नाही?
खुलासा: गाय आजारी आहे.
पुढच्या वर्षी: गाय गाभण आहे.
त्याच्या पुढच्या: गाय व्याली. वासराचा आणा वेगळा.
खुलाशांचं अक्षर दातीरचं.
एकदा ऑडिटर स्वतः आला होता, वणीहून टांग्यानं.
गाय पाण्यावर गेली होती.

सहा वर्षं.
मी कॅल्क्युलेटरवर मांडलं,
मग विश्वास बसेना म्हणून कागदावर:
दोन हजार एकशे ब्याण्णव दिवस, तीन आणे,
बरोबर चारशे अकरा रुपये.
वासरू धरलं नाही.

शेवटची नोंद त्रेपन्नच्या दसऱ्यातली:
‘गाय मालकाने नेली.’
मालकाचं नाव नाही. अंगठासुद्धा नाही.

रविवारी मोटारसायकल काढून गेलो.
दिंडोरी सोडली, द्राक्षाच्या जाळ्या, मग उतार.
मोरी आहे.
काळा दगड, दोन नळ, वर डांबराचे चार थर
चार वेगवेगळ्या योजनांचे, चारांचे फलक.
खाली उतरलो, गवत बाजूला केलं.
एका दगडावर छिन्नीनं काढलेलं काहीतरी,
कुत्रं म्हणावं तर शिंगं आहेत,
आणि डावं अर्धंच.

इकडे बोर्डाच्या इतिवृत्तात
शेवटच्या सभेपर्यंत
मोरी व्हायचीच आहे.
शेवटच्या सभेत मंजूर झाली, टाळ्यांसह.
त्यावरून नऊ वर्षं बैलगाड्या जात होत्या.
सभासदांपैकी दोघं तर त्यावरूनच आले असतील.

नियमाप्रमाणे कोंडवाड्याच्या वह्या ड.
मी वहीवर अ लिहिलं, गोल केलं.
साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
ही कायम ठेवायचं कारण?
रकाना रिकामा आहे.

मी म्हटलं, साहेब,
गाय आजारी आहे.